श्री उणे हरसिद्धी

यज्ञेश्वर पोतनीसांच्या सरळ आयुष्यात घोळ घातला तो एका आडव्या रेघेने. रेघ कसली, जवाच्या दाण्याएवढी खूण. ती ओळीच्या तळाशी असावी की मध्यावर, एवढाच काय तो वाद. पण त्यापायी भोपाळहून अधिकारी आला, कार्यालयातल्या उषाताईंनी तीन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर पोतनीसांना आपल्या बायकोचं नाव काय, या प्रश्नाचा नव्याने विचार करावा लागला.

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या जवळ, एका कापड दुकानाच्या माडीवर अवंती पंचांग कार्यालय आहे. तिथी कधी लागते, ग्रहण कधी सुटतं, एकादशी आज धरायची की उद्या, याचं गणित तिथे होतं. पूर्वी ते कागदावर व्हायचं. मग देशात सगळंच खुलं व्हायला लागलं. टीव्हीवर परकी चॅनलं आली, चौकातल्या पानवाल्याकडे चार रंगांची थंड पेयं आली, आणि त्र्याण्णव साली कार्यालयाच्या माडीवर पाच कॉम्प्युटर चढले. पोतनीस तोवर प्रूफं तपासत होते. पण त्यांनी पोस्टाने कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता आणि कार्यालयात दुसऱ्या कोणी तेवढंही केलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या टेबलावर 'संगणक विभाग प्रमुख' अशी पाटी आली. विभागात ते एकटेच असल्याने प्रमुख कोण यावरून तंटा झाला नाही. ती पाटी ते रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसत.

पाचही कॉम्प्युटर तारेने एकमेकांना जोडले होते. आता अडचण अशी, की कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात आणि माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. या कार्यालयात शनीची गती दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत तोंडपाठ असणारी माणसं होती, पण शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा नंबर विचारला की त्यांचे चेहरे कोरे पडत. म्हणून नाव सांगितलं की नंबर हुडकून देणारा एक प्रोग्राम हवा होता. तो पोतनीसांनी सात महिने खपून स्वतः लिहिला आणि त्याला 'पत्ता' असं नाव दिलं. बारशाला सुलभाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, घरून श्रीखंड पाठवलं होतं. पोतनीसांना मूलबाळ नव्हतं. 'पत्ता'विषयी बोलताना त्यांचा आवाज जरा मऊ होई, तो का हे कार्यालयात सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं.

मग कॉम्प्युटरांना नावं ठेवायची वेळ आली. नावं ठेवली भय्यासाहेबांनी. भय्यासाहेब कार्यालयाचे प्रमुख, वय बहात्तर, साऱ्या माळव्यात त्यांचा शब्द तिथीच्या बाबतीत शेवटचा. त्यांनी उज्जैनचेच देव घेतले: चिंतामण, हरसिद्धी, मंगळनाथ, काळभैरव आणि गोपाळ. देव म्हटले की आधी श्री हवं. श्री आणि देवाचं नाव एकमेकांना चिकटवून लिहिणं भय्यासाहेबांना पटेना, देवाला जरा ऐसपैस वाटलं पाहिजे. मध्ये जागा सोडली तर कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटत. पोतनीसांनी मध्ये छोटी आडवी रेघ टाकून पाहिली. भय्यासाहेबांनी चष्मा वर सरकवून पडद्याकडे बघितलं. पन्नास वर्षं गणितात घालवलेला माणूस तो, त्यांना ती रेघ वजाबाकीची दिसली. श्री उणे हरसिद्धी म्हणजे काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं, आणि देवीत उणं काढणारं कार्यालय आपलं नव्हे, असंही सांगितलं.

शेवटी रेघ तळाशी नेली. तळाशी आडवी रेघ बघून उषाताईंना पाटाची आठवण झाली, आणि त्या दिवसापासून कार्यालयात त्या खुणेला पाटच म्हणायला लागले. श्री, मग पाट, मग हरसिद्धी. सगळ्यांचं समाधान झालं.

पुढची चार वर्षं 'पत्ता' सुखाने चालला. सुखाचं कारण असं, की पोतनीसांनी त्याला कुणालाच नाही म्हणायला शिकवलं नव्हतं. उषाताई गणित विभागाच्या मुख्य, पण टायपिंग एका बोटाचं. त्या आपल्या कॉम्प्युटरच्या, हरसिद्धीच्या, नावातलं एखादं अक्षर हमखास गाळत. पोतनीस तो चुकीचा शब्दही यादीत घालून टाकत, म्हणजे पुढच्या खेपेला चालून जाई. भय्यासाहेब आपल्या खोलीतल्या चिंतामणाला नुसतं 'माझा' म्हणत, तेही यादीत गेलं. असं करता करता पाच कॉम्प्युटरांची तीनशे बारा नावं झाली. राम घाटावरचे पंडे नाही का, तुम्ही गाव चुकीचं सांगा, आजोबांचं नाव अर्धं सांगा, तरी बरोबर तुमच्या घराण्याचं पान काढतात, तसं 'पत्ता'चं काम होतं.

सत्त्याण्णवच्या श्रावणात भोपाळहून पत्र आलं. तिथल्या एका सरकारी संगणक केंद्रामार्फत कार्यालयाला साऱ्या जगाच्या नेटवर्कशी जोडून मिळणार होतं. भय्यासाहेबांना हे फार दिवसांपासून हवं होतं. अमेरिकेत गेलेली माळव्याची माणसं तिथे चुकीच्या दिवशी एकादशी करतात, या विचाराने त्यांना स्वस्थता नव्हती. पण पत्रात अट होती. कॉम्प्युटरांची नावं जागतिक नियमांत बसली पाहिजेत: अक्षरं, आकडे आणि मधली छोटी रेघ एवढंच चालेल, बाकी कुठलीही खूण नाही. नियमाबाहेरच्या नावांना उत्तर देणारा प्रोग्राम असेल तर तो काढून केंद्राचा तयार प्रोग्राम बसवण्यात येईल. तपासणीला अधिकारी येईल, तारीख अमुक. भय्यासाहेबांनी पंचांग न उघडताच सांगितलं की ती तारीख पितृपक्षात पडते. जगाशी संबंध जोडायला सरकारला दुसरा पंधरवडा सापडला नाही, याचं त्यांना नवल वाटलं नाही.

पोतनीसांनी पत्र दोनदा वाचलं. पाट गेला, तीनशे बारा नावं गेली, आणि तपासणीत 'पत्ता' नापास झाला तर तोही गेला. मग संगणक विभागात करण्यासारखं काही उरणार नव्हतं. भय्यासाहेबांनी ते सौम्य शब्दांत सांगितलंही, की तसंच झालं तर प्रूफांचं टेबल रिकामंच आहे. टेबलाबद्दल पोतनीसांची तक्रार नव्हती. आपण लिहिलेली एकच गोष्ट कोणीतरी पुसून टाकणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

त्यांनी शनिवारी दुपारी बसून 'पत्ता'ला शिस्त लावली. पाट काढले, मधली रेघ टाकली, चुकीची नावं उडवली आणि नियमात न बसणाऱ्याला काय उत्तर द्यायचं तेही लिहिलं. सोमवारी सकाळी उषाताईंनी हात जोडून आपल्या कॉम्प्युटरला नेहमीच्या नावाने हाक मारली. पडद्यावर उत्तर आलं: 'श्री_हरसिद्धी अस्तित्वात नाही.'

उज्जैनमध्ये, हरसिद्धीच्या देवळापासून अर्ध्या तासावर, असं उत्तर देणं बरं नव्हे हे पोतनीसांना तेव्हा कळलं. उषाताई खुर्चीवरून उठल्या, वहाणा काढून पुन्हा बसल्या, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच उत्तर. दुपारपर्यंत खालच्या कापड दुकानात बातमी गेली की वरचा कॉम्प्युटर नास्तिक झाला. चहावाला चहा देताना पेटीपासून दोन हात लांब उभा राहिला. पोतनीसांनी परोपरीने समजावलं, की देवी आहे, फक्त पाटाच्या ऐवजी मधली रेघ टाका. तेवढ्यात मागे भय्यासाहेब येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडद्यावरची मधली रेघ पाहिली.

"श्री उणे हरसिद्धी," ते म्हणाले. "पोतनीस, चार वर्षांपूर्वी मी काय बोललो होतो?"

उषाताईंनी त्या दिवसापासून कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं आणि कार्तिक महिन्याचं गणित कागदावर सुरू केलं.

आता शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. पोतनीसांनी विचार केला नाही, सुधारणा केली. त्यांनी 'पत्ता'ला सांगितलं, की रेघा-पाट जाऊ देत, जे नाव येईल त्याच्या जवळात जवळचं नाव शोध आणि तिथे पाठव. म्हणजे कुणाला नकार नको आणि भांडण नको. बुधवारी भय्यासाहेबांनी भोपाळच्या केंद्राला खासगी पत्र लिहिलं आणि आपल्या खोलीतल्या प्रिंटरवर छापायला सवयीप्रमाणे 'माझा' असं टाइप केलं. 'माझा' या नावाच्या जवळात जवळचं नाव 'पत्ता'ला मंगळनाथ वाटलं. मंगळनाथ म्हणजे पोतनीसांचा कॉम्प्युटर. पत्र त्यांच्या टेबलावर, पाटीच्या शेजारी छापून पडलं.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे पोतनीसांना ठाऊक होतं. पण वीस वर्षं प्रूफं तपासलेल्या माणसाचे डोळे छापील कागदावर आपोआप फिरतात, त्याला इलाज नाही. पत्रात एक वाक्य होतं: 'श्री. पोतनीस कष्टाळू आहेत, मात्र त्यांचा प्रोग्राम घरगुती स्वरूपाचा आहे.'

घरगुती. पापडाच्या पुड्यावर लिहितात तसं. पोतनीसांनी कागदाची घडी घातली, भय्यासाहेबांच्या टेबलावर उलटी ठेवली आणि डोकं दुखतंय सांगून ते घरी आले. खोटं बोलले नव्हते, डोकं खरंच दुखत होतं. पण त्याहून जास्त दुसरंच काही दुखत होतं.

पोतनीस वेळेआधी घरी आले म्हणजे गल्लीत ती घटना असते. समोरचे चौरसियाजी, रेल्वेतून निवृत्त, लगेच येऊन ओट्यावर बसले. सगळं ऐकून त्यांनी सल्ला दिला की अधिकारी आला की त्याला आधी दाल-बाफले खिलाओ, तूप जरा जास्त. बाफल्यांचे ते कणकेचे गोळे पोटात गेल्यावर माणसाला रेघ दिसतच नाही. शेजारच्या बर्व्यांचं मत पडलं की थेट दिल्लीला अर्ज करावा, देवाच्या नावात सरकारने ढवळाढवळ करू नये म्हणून, आणि अर्ज इंग्रजीत ते स्वतः लिहून देतील. चौरसियाजी म्हणाले, बर्वेजींच्या अर्जाने तर मागे त्यांचीच बदली झाली होती. मग ते दोघं त्यावर बोलत बसले आणि पोतनीसांचा विषय मागे पडला.

सुलभा आतल्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होती. ती मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. पोतनीस आत येऊन बसले आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, घरगुती शब्दासकट. श्री उणे हरसिद्धीपाशी तिला हसू आलं. तिने हातातला पेपर त्यांच्यापुढे धरला. कुठल्याशा मुलीने माता पिता असं सुटं लिहिलं होतं आणि सुलभाने मध्ये लाल रेघ काढून अर्धा गुण कापला होता.

"ही कोणती रेघ आहे?" तिने विचारलं. "हिंदीत योजक चिह्न, आपल्या मराठीत संयोगचिन्ह. जोडणारी रेघ. माता-पिता म्हणजे काय माता वजा पिता झालं का? भय्यासाहेबांना जाऊन सांगा, श्री आणि देवी ह्या रेघेने जोडून राहिल्या आहेत, काही उणं नाही होऊन राहिलं."

पोतनीसांनी ती लाल रेघ पुन्हा पाहिली. चार वर्षं एका माडीवर पाच विद्वान त्या रेघेकडे बघत होते आणि सगळे गणिताचे. व्याकरणाकडे कोणी गेलंच नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले की रेघेचं ठीक आहे, पण जुन्या नावांचं काय करायचं. उषाताई या जन्मी पाट सोडणार नाहीत, आणि जुनी नावं उडवली की 'अस्तित्वात नाही' असंच म्हणावं लागतं.

"कायको म्हणावं लागतं?" सुलभा पेपर बाजूला ठेवून म्हणाली. "माझं नाव नाही का बदललं? लग्नात तुमच्या बाबांनी पत्रिका बघून सुलभा ठेवलं, तांदळात अंगठीने तुम्हीच लिहिलं. त्याआधी वीस वर्षं मी जयू होते. रतलामहून दादाचं पत्र आजही जयूच्या नावाने येतं. पोस्टमन ते माझ्याच हातात देतो. अशी कोणी नाही म्हणून त्याने एकदा तरी परत नेलं का? कागदावर मी सुलभा. पण जयू म्हणून कोणी हाक मारली तर मी ओ देते. जुन्या नावाने ओ द्यायची बंदी कुठे आहे?"

तिने पेन उचललं आणि पुन्हा पेपर तपासायला घेतले. पोतनीस तिच्याकडे बघत राहिले. तांदळात नाव त्यांनीच लिहिलं होतं हे खरं होतं. तेव्हा तिला कोणी विचारलं होतं का, हे त्यांना आठवेना, आणि कोणी विचारलं नव्हतं म्हणूनच आठवत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना आतून लाज वाटली. पण पाच दिवसांवर तपासणी आली होती, म्हणून त्यांनी आधी प्रोग्रामचं काम केलं.

संयोगचिन्ह ऐकून भय्यासाहेबांनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी कागदावर माता-पिता लिहून पाहिलं, खाली राम-लक्ष्मण लिहिलं आणि मान्य केलं की इतकी वर्षं आपण देवाची वजाबाकी करत होतो, ती चूक रेघेची नव्हती. पोतनीसांनी सर्व कॉम्प्युटरांची खरी नावं मधल्या रेघेची केली. बाहेरच्या जगाला तेवढीच दिसणार. पण आत, कार्यालयात, कोणी पाट टाकून किंवा अक्षर गाळून हाक मारली तर 'पत्ता' मुकाट्याने खऱ्या नावापाशी नेऊन पोचवणार. जवळात जवळचं वगैरे भानगड काढून टाकली. उषाताईंनी पाट टाकला, हरसिद्धीने ओ दिली, आणि त्यांनी वहाणा घातल्या.

अधिकारी आला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, हातात काळी बॅग, नाव पराग देशमाने. मराठीच निघाला. वागायला सभ्य, पण नियमाच्या बाबतीत भय्यासाहेबांपेक्षा कडक. बाफले त्याने एकच खाल्ला. बाहेरची नावं तपासून त्याने बरोबरची खूण केली. मग त्याने पाट टाकून पाहिला आणि 'पत्ता'ने उत्तर दिलं. त्याने अक्षर गाळून पाहिलं, तरी उत्तर आलं. 'माझा' टाइप केलं, भय्यासाहेबांच्या खोलीतला प्रिंटर घरघरला. परागने बॅगेतून एक डबी काढली. तिच्यात केंद्राच्या तयार प्रोग्रामच्या फ्लॉपी चकत्या होत्या.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि चुकीचंही नव्हतं. चुकीच्या नावाला उत्तर मिळालं की माणसं चुकीचंच नाव वापरत राहतात. उद्या त्यांतलं एखादं बाहेर गेलं तर पलीकडचं यंत्र ते फेटाळणार आणि खापर केंद्रावर फुटणार. जुनी नावं एकतर पुसा, नाहीतर प्रोग्राम बदलू. पोतनीसांनी सांगितलं की जुनी नावं पुसली तर इथलं काम बंद पडतं, महिनाभर पाहिलंय आम्ही. खरं म्हणजे तीन दिवस पाहिलं होतं. परागने घड्याळ बघितलं आणि चार वाजता चकत्या घालू म्हणाला. पोतनीसांनी टेबलावरची पाटी उचलली, रुमालाने पुसली आणि खणात ठेवली.

भय्यासाहेब एवढा वेळ ऐकत होते. त्यांनी परागला एकदम विचारलं की वडील काय करतात. वडील जाऊन चार वर्षं झाली, असं त्याने सांगितलं. कोणत्या तारखेला? परागने तारीख सांगितली. भय्यासाहेबांनी डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली.

"सप्तमी," ते म्हणाले. "आणि आज पितृपक्षातली सप्तमी. बेटा, वडिलांच्या तिथीला माणूस उज्जैनमध्ये असावा आणि राम घाटावर जाऊ नये, हे मी होऊ देणार नाही. चार वाजायला अवकाश आहे. पोतनीस, यांना घेऊन या."

परागचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण बहात्तर वर्षांच्या माणसाला नाही म्हणायचा नियम त्याच्याजवळ नव्हता. पोतनीस परागला घेऊन रिक्षात बसले. ज्याने आपला प्रोग्राम पुसायचा त्यालाच क्षिप्रेवर न्यायचं, असले दिवस पत्रिकेत आधी दिसत कसे नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

घाटावर पितृपक्षाची गर्दी होती. छत्रीखाली बसलेल्या पंड्याने परागला बघताच विचारलं, कहाँ के हो जजमान. पराग म्हणाला देशमाने, भोपाळ. पंड्याने बही, म्हणजे घराण्यांच्या नोंदींची वही, उलटीपालटी केली. देशमाने नव्हते. नसणारच, पराग म्हणाला, आणि निघायला लागला. पंडा उठू देईना. मूळ गाव? वाईजवळचं एक गाव. आजोबांचं नाव? ते सांगताच पंड्याने दुसरी बही ओढली, जाड, लाल कापडाची, तिच्यातलं एक पान काढलं आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"ढेकणे."

परागचे कान लाल झाले. शेजारी तर्पणाला बसलेल्या दोन कुटुंबांनी मान वळवून ढेकणे कोण ते पाहिलं. पोतनीस भला माणूस, ते नदीकडे बघायला लागले. पंडा वाचतच होता. आजोबांनी एकोणीसशे अडतीस साली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: आडनाव ढेकणे, हल्ली देशमाने, हल्ली मुक्काम भोपाळ. त्याच्या खाली परागच्या वडिलांचं अक्षर होतं. ढेकणे, हल्ली देशमाने. आणि त्याच्याही खाली, एकाहत्तर सालचं: 'पुत्ररत्न झाले. चि. पराग.'

पराग खाली बसला. वडिलांचं अक्षर तो बोटाने न शिवता बघत राहिला. वडील इथे आले होते हे त्याला माहीत नव्हतं. आपल्या जन्माचं त्यांना इतकं वाटलं होतं, की ते भोपाळहून येऊन नदीकाठी लिहून ठेवावं, हेही माहीत नव्हतं. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

मग डोळे पुसून त्याने पंड्याला विचारलं, "नाव बदललं, तर जुनं कापून का नाही टाकलं?"

"साब, पुराना काट दूँ तो आपको ढूँढूँ कैसे?" पंडा म्हणाला. "नाम तो नया ही चलेगा, वो लिख रखा है ना, हल्ली देशमाने. पर आदमी पुराने से ही मिलता है."

परत येताना पराग रिक्षातून मागे घाटाकडे बघत होता. टावर चौक आला तेव्हा त्याने पोतनीसांना विचारलं की 'पत्ता'ला जुन्या नावाबरोबर नवं नावही सांगता येईल का. पोतनीस म्हणाले, दहा मिनिटांचं काम. साडेचार वाजता उषाताईंनी पाट टाकून देवीला हाक मारली आणि पडद्यावर उमटलं: 'श्री_हरसिद्धी, हल्ली श्री-हरसिद्धी.' उषाताईंनी नमस्कार केला. परागने चकत्यांची डबी बॅगेत ठेवली आणि अहवाल लिहिला. बाहेर नियमाप्रमाणे, आत जुन्या नावांना हल्लीचे नाव सांगून उत्तर द्यावे. शेवटची ओळ त्याने थोडा विचार करून लिहिली: 'प्रोग्राम घरगुती आहे. चालू ठेवावा.'

पोतनीसांनी ती ओळ तीनदा वाचली. शब्द तोच होता, पण या वेळी तो लागला नाही.

पराग गेल्यावर पोतनीसांनी पाटी खणातून काढली, मग सवयीने कपाटातून जुनं पंचांग काढलं. प्रूफं तपासणाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. परागने सांगितलेली तारीख त्यांनी शोधली, पुन्हा शोधली, आणि पंचांग घेऊन भय्यासाहेबांच्या खोलीत गेले. त्या तारखेला षष्ठी होती, असं त्यांनी हळूच सांगितलं. सप्तमी दुसऱ्या दिवशी लागत होती.

भय्यासाहेबांनी पंचांगाकडे बघितलंही नाही. साऱ्या माळव्याने ज्यांच्या तिथीवर बारशी, लग्नं आणि श्राद्धं केली, त्या माणसाने पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिथी चुकीची सांगितली होती, आणि ती कुणासाठी ते पोतनीसांना उभ्या जागी कळलं.

"पोतनीस," भय्यासाहेब म्हणाले, "तुमची पाटी पुसून घ्या, धूळ बसली असेल."

पोतनीस मान हलवून बाहेर पडले आणि त्यांनी पाटी पुसायला रुमाल काढला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. ओट्यावर चौरसियाजी आणि बर्वे निकालाची वाट बघत बसले होते. पास झालो, एवढंच सांगून पोतनीस आत गेले. सुलभा स्वयंपाकघरात होती, कणिक मळल्याचा आवाज येत होता. पोतनीसांनी वहाणा काढल्या, पाय धुतले, पुसले. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बावीस वर्षांत ते नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. आता ते चालेल की नाही, याची त्यांना खात्री वाटेना.

"जयू," ते म्हणाले.

"ओ," आतून लगेच आली.

मग कणकेचा आवाज थांबला. ती हात तसेच घेऊन दारात आली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. पोतनीसांनी सांगायचं ठरवलेलं सगळं, अहवाल, घाट, सप्तमी, त्यांना एकदम काही आठवेना. ती म्हणाली, चहा ठेवते, आणि आत गेली. चहाचं आधण उकळून आटून गेलं तरी ती डोळे पुसतच होती, आणि त्या दिवशी पोतनीसांनी चहा स्वतः केला.